थोरल्या महाराजांचं काळीज

१

होहेनआल्मच्या राजघराण्यात माणूस मेला की त्याची वाटणी होत असे. देह तळघरातल्या शिशाच्या पेटीत, आतडी नदीपलीकडच्या मठात आणि हृदय राजवाड्याच्या चॅपेलमध्ये, चांदीच्या कलशात. यामागे काही हेतू असेल असं कोणाला वाटत नव्हतं. रिवाज होता, आणि रिवाजाला हेतू विचारणं हे होहेनआल्ममध्ये वाईट वळणाचं लक्षण समजत.

त्या सकाळी थोरल्या महाराजांचं, म्हणजे शरद ऋतूत वारलेल्या ड्यूक ओटोकार यांचं, हृदय नाहीसं झालं.

बाकीची सगळी जागच्या जागी होती. आजोबांचं होतं, पणजोबांचं होतं, आणि ज्यांना हृदय असल्याचा त्यांच्या हयातीत कोणालाही संशय आला नव्हता त्या खापरपणजोबांचंही होतं. ओटोकार यांचा कोनाडा तेवढा रिकामा होता.

हे पहिल्यांदा पाहिलं चॅपेलच्या म्हाताऱ्या राखणदाराने, वेन्झेलने. सकाळची घंटा वाजवून तो मनोऱ्यावरून खाली आला, कोनाड्याकडे बघून त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुन्हा वर जाऊन नको त्या वेळी घंटा बडवली. प्रामाणिक माणसाकडून अशा चुका होतात. चोर असता तर गप्प राहिला असता. पण हा विचार करायला तरुण ड्यूक सिगमार यांना सवड नव्हती. गादीवर येऊन त्यांना जेमतेम एक हिवाळा होत होता, आणि गादीवर नवा बसलेला माणूस विचार करताना दिसला तर लोक घाबरतात अशी त्यांची समजूत होती.

"आत्या, प्रकरण अगदी सरळ आहे," ते म्हणाले.

आत्या म्हणजे प्रिन्सेस सिडोनी, थोरल्या महाराजांची बहीण. पन्नाशी उलटलेली, अविवाहित. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, आणि जिभेवर कोणाचाच लगाम नव्हता.

"रात्रभर बर्फ पडला. पहाटे थांबला," सिगमार म्हणाले. "चौकातल्या बर्फात पावलांच्या दोन ओळी आहेत. दोन्ही चॅपेलकडे जाणाऱ्या. परत येणारी एकही नाही. म्हणजे दोन माणसं आत गेली आणि बाहेर कोणी आलं नाही. आत कोण राहतं? वेन्झेल. त्या दोघांना त्यानेच लपवलंय, नाहीतर गजांमधून कुठेतरी पसार केलंय."

"खिडकीच्या गजांतून मांजर जात नाही रे. दोन माणसं कशी जातील?"

"ते तो किल्ल्यात सांगेल. जेवणं झाली की बर्फगाडी निघेल."

कैदी ठेवायचा काल्टेनस्टाइनचा किल्ला डोंगरात होता. भर हिवाळ्यात उघड्या बर्फगाडीतून वेन्झेलच्या वयाचा माणूस तिथे पोचला तरी फारसं काही सांगण्याच्या स्थितीत उरला नसता.

आणि वेन्झेल तिच्यासाठी नुसता राखणदार नव्हता. ती लहान असताना तिच्या अंगावर देवी आल्या, तेव्हा सगळं राजघराणं एका दुपारी गाड्या जुंपून उन्हाळी महालाकडे निघून गेलं. आई गेली, वडील गेले, दाई गेली, वैद्यही गेले, कारण महालात त्यांची जास्त गरज होती. राजवाड्यात राहिली फक्त सिडोनी आणि शेगडीत लाकडं घालणारा एक नोकर. त्याने शेगडी विझू दिली नाही, तिला पेज भरवली आणि तिने फोड खाजवू नयेत म्हणून तिचे हात स्वतःच्या मोज्यांत बांधले. तो नोकर म्हणजे वेन्झेल. या गोष्टीबद्दल राजघराण्यात नंतर कधी कोणी बोललं नाही. वरून खाली आभार कसे पोचवायचे याचा काही रिवाजच नव्हता.

"गाडी निघण्याआधी मी कलश शोधला तर?" तिने विचारलं.

"तर मला आनंद होईल," सिगमार म्हणाले, आणि आनंद न झालेल्या चेहऱ्याने कागदांकडे वळले.

२

राजवाड्याचं दार आणि चॅपेलचं दार समोरासमोर होतं. मधे लहानसा चौक, चौकाच्या मधोमध घोड्यांना पाणी पाजायचा जुना दगडी हौद. एका बाजूने, वरच्या मजल्यावरून, काचेच्या खिडक्यांची एक बंद वाट राजघराण्याच्या खोल्यांपासून थेट चॅपेलमधल्या सज्ज्यात जात होती. त्या वाटेवर घरच्या माणसांखेरीज कोणी पाऊल टाकायचं नाही. सज्ज्यातून खाली चॅपेलमध्ये उतरायला जिना नव्हता. देवाच्या जवळ असावं पण प्रजेत मिसळू नये, अशी ती सोय होती.

पहारेकऱ्यांच्या कप्तानाने एक काम चांगलं केलं होतं. तो स्वतः भिंतीला चिकटून गेला होता, त्यामुळे मधले ठसे शाबूत होते. पण ऊन हळूहळू छपरावरून उतरत होतं. थोड्याच वेळात ते चौकात पोचलं असतं आणि त्यासोबत वेन्झेलची बाजूही वितळली असती.

सिडोनीने घागरा उचलला आणि ती ठशांशेजारी वाकली. दोन्ही ओळी एकाच धाटणीच्या बुटांच्या. उंच टाच, चौकोनी टोक. दरबारी बूट. वेन्झेल हिवाळाभर जाड लोकरी नमद्याचे, अस्वलाच्या पंज्यासारखे दिसणारे बूट घालून फिरत असे. दरबारी बुटांत त्याचा पाय गेलाच असता तर निघाला नसता.

पहिली ओळ हौदाला वळसा घालून झपझप चॅपेलकडे गेली होती. दुसरी मात्र चमत्कारिक होती. पावलं आखूड. ओळ थोडी वाकडी, सरळ हौदावर येऊन धडकलेली आणि मग बाजूने पुढे सरकलेली. तिथे हौदाच्या काठावरचा बर्फ खरवडून खाली पडला होता.

"झोकांड्या खात गेला असणार दुसरा," कप्तान म्हणाला. "प्यायलेला."

"हो, पण हा धडकला कुठून?" सिडोनी म्हणाली. "राजवाड्याकडून येणारा माणूस आपटला, तर हौदाच्या या बाजूचा बर्फ पडेल. हा पडलाय पलीकडचा. चॅपेलच्या बाजूचा."

कप्तानाने हौदाकडे पाहिलं, मग चॅपेलकडे पाहिलं, मग आपल्याला अशा गोष्टींचा पगार मिळत नाही असा चेहरा केला.

आत चॅपेलमध्ये आणखी एक गोष्ट तिला दिसली. दान गोळा करायची लांब दांड्याची झोळी नेहमी दाराशी खुंटीला असे. सज्ज्यात बसलेल्या राजघराण्याकडून नाणी घ्यायला वेन्झेल तीच झोळी खालून वर करी. झोळी आज खुंटीवर नव्हती. ती सज्ज्याखालच्या भिंतीला टेकवलेली होती.

वेन्झेलला शेजारच्या पहाऱ्याच्या खोलीत ठेवलं होतं.

"झोळी तू तिथे ठेवलीस?"

"मी?" वेन्झेलला चोरीच्या आरोपापेक्षा हे जास्त लागलं. "छोट्या बाईसाहेब, खुंटी असताना भिंतीला कोण टेकवतं? घसरून पडते ती."

ती त्याच्यासाठी अजून छोट्या बाईसाहेबच होती.

"घंटा वाजवताना काही ऐकू आलं?"

"घंटा ऐकू आली."

"बरं, घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? फक्त बार्बेलला सांगा, दुपारच्या जेवणाला मी नाही म्हणून. नाहीतर वाट बघत बसेल आणि मग माझ्या नावाने शंख करेल."

बाहेर बर्फगाडीचे घोडे जुंपायला सुरुवात झाली होती.

३

राजवैद्य गुंडलाख प्रश्न विचारण्याआधीच घामाघूम झाले होते.

"बाईसाहेब, माझा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही. आणि कलश सापडला तर तो उघडण्याची काहीएक गरज नाही. मुळीच नाही."

"मी उघडायचं नाव तरी काढलं का?"

वैद्यबुवांनी रुमाल काढला. मग दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "थोरले महाराज गेले तेव्हा रस्ते चिखलाने बंद होते. सुवासिक तेलं, मसाले, रिवाजाप्रमाणे लागणारं काहीच आलं नाही. हृदय टिकवायचं तर होतं. मग मी स्वयंपाकघरातून आलुबुखाराची दारू मागवली."

"ओटोकारचं हृदय आलुबुखाराच्या दारूत आहे?"

"उत्तम प्रतीच्या, बाईसाहेब."

सिडोनीला भाऊ आठवला, थंडीतून शिकारीहून परतल्यावर पहिली हाक कशाला मारायचा ते आठवलं, आणि तिला हसू येता येता डोळ्यांत पाणी आलं. "गुंडलाख, त्याच्यासाठी आजवर कोणी केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. जा तुम्ही."

वैद्यबुवा गेले. त्यांना संधिवात होता आणि पायांत कापडाच्या सपाता होत्या. उंच टाच त्यांनी गेली कित्येक वर्षं घातली नव्हती.

मग आले दरबाराचे शिष्टाचारप्रमुख, काउंट ब्रेडेलो. उंच, वाळलेले, नाकासमोर चालणारे. आयुष्यभर त्यांनी कोण कोणाच्या आधी दारातून जाणार एवढ्या एकाच प्रश्नाचा अभ्यास केला होता. सिडोनी त्यांची चेष्टा करण्याची एकही संधी सोडत नसे, आणि ते ती चेष्टा शिस्तीत, कमरेत वाकून स्वीकारत.

"बसा, काउंट," तिने स्टुलाकडे बोट केलं.

राजघराण्यासमोर स्टुलावर बसायचा मान सबंध होहेनआल्ममध्ये फक्त काउंटना होता. थोरल्या महाराजांनी तो त्यांना दिला होता, आणि तेव्हापासून स्टूल दिसलं की काउंट बसत. कधी कधी कोणी न सांगताही बसत.

"उभाच बरा आहे, बाईसाहेब."

ओटोकारच्या जाण्याचा त्यांना बसलेला धक्का अजून ओसरला नसेल, असं सिडोनीला वाटलं. "वेन्झेलबद्दल तुमचं मत काय?"

"निर्दोष आहे."

"इतकं ठाम?"

"त्याबाबत मी महाराजांची खासगी भेट मागितली आहे. उद्या निवेदन करीन."

"उद्या! अहो, तो आज जातोय. भेटींचा क्रम कोण लावतं?"

"मी."

"मग लावा की स्वतःला आज."

काउंट पांढरेफटक पडले. "स्वतःचा क्रम स्वतःच वर सरकवायचा? बाईसाहेब, मग मी आजवर लोकांना ताटकळत ठेवलं ते कशाच्या जोरावर?"

"तुम्हाला काय निवेदन करायचंय ते मला सांगा."

"ते प्रथम महाराजांना सांगणं प्राप्त आहे," काउंट म्हणाले.

त्यांना काहीतरी माहीत होतं. आणि ते काढायचं तर पकड लागली असती.

४

सिडोनी पुन्हा सिगमारकडे गेली. एक दिवसाची मुदत मागितली.

"नाही, आत्या. उद्या लोक म्हणतील, नव्या ड्यूकच्या घरात बापाचं हृदयसुद्धा सुरक्षित नाही. कोणीतरी पकडलं गेलेलं दिसलं पाहिजे."

"दिसलं पाहिजे म्हणून एक म्हातारा मारणार?"

"मी कोणाला मारत नाहीये." एकाएकी त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला कळत नाही. कोणी सांगतही नाही. सगळे नुसते वाकतात."

सिडोनी काही बोलणार, तेवढ्यात एक हुजऱ्या कॉफीचं तबक ठेवून निघाला. राज्यकर्त्याला पाठ दाखवायची नाही, म्हणून नेहमीप्रमाणे उलट्या पावलांनी, वाकून, मागे मागे. गालिच्याच्या काठाशी त्याचा अंदाज चुकला आणि त्याचं बूड मागच्या टेबलावर जाऊन आदळलं. टेबलावरची फुलदाणी लटपटली. हुजऱ्याने चेहरा न बदलता कळ गिळली, हात मागे नेऊन टेबल चाचपलं, बाजूने सरकला आणि मागे मागे जात दारातून दिसेनासा झाला.

सिडोनी त्या टेबलाकडे बघत उभी राहिली.

ती या वाड्यात जन्मली होती. लोक तिच्यासमोरून उलटे चालत जाताना तिने इतक्यांदा पाहिले होते की ते उलटे चालतात हे तिला दिसेनासंच झालं होतं.

"आत्या? काय झालं?"

"चौकात यायची तयारी ठेव," ती म्हणाली. "आणि गाडी माझ्यासाठी थांबव. हे नातं म्हणून मागत्येय."

उत्तराची वाट न बघता ती वळली आणि धावत सुटली.

५

थोरल्या महाराणी थेक्लांच्या खोलीत उघड्या पेट्या पडल्या होत्या. नव्या ड्यूकचं लग्न ठरलं की विधवा आईने पर्वताजवळच्या जुन्या वाड्यात राहायला जायचं, असा रिवाज. पेट्यांमध्ये काय जातं हे दरबाराची माणसं बघत. चांदीचे चमचे जाणार होते. पलंग जाणार होता. पोपट जाणार होता.

"या, वन्सं," थेक्ला म्हणाल्या. "चौकात कसली गडबड चाललीय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"निघणाऱ्या राणीला राज्याच्या बातम्या कळवायच्या नसतात. लग्नात येईन तेव्हा कळतीलच म्हणे."

सिडोनीने दार लावून घेतलं. "वहिनी, कलश कुठे आहे?"

थेक्लांचा चेहरा हलला नाही, पण हातातली शाल खाली पडली.

"माझं चुकत असेल तर थांबवा," सिडोनी म्हणाली. "चौकात दोन ओळी आहेत आणि दोन्ही आत जाणाऱ्या. सिगमारला वाटतं, दोन माणसं गेली. माणूस एकच होता. जाताना सरळ गेला आणि येताना उलटा आला. म्हणून तर पाठीमागचा हौद त्याला दिसला नाही आणि चॅपेलच्या बाजूने तो त्यावर आपटला. आता, बर्फात उलटं कोण चालतं? ज्याच्यासमोर आपल्यातलं कोणी उभं आहे तोच. खाली चौकात कोणी नव्हतं, दुसरे ठसे नाहीत. म्हणजे ते माणूस वर होतं, खिडक्यांच्या वाटेत. वरून सज्ज्यात जाता येतं, पण खाली उतरता येत नाही. त्यामुळे खालच्याने कलश झोळीत घालून दांड्याने वर दिला."

"पुढे?"

"खालच्याला वरच्या वाटेने येता आलं असतं. ठसेही उमटले नसते. पण ती वाट घरच्यांची. चोरी करायला निघतानासुद्धा त्या वाटेवर पाय ठेवणार नाही, असा माणूस या राज्यात एकच आहे. आणि आज तो स्टुलावर बसत नाहीये, कारण त्याला बसता येत नाहीये."

थेक्ला खुर्चीत टेकल्या आणि अचानक हसायला लागल्या. रडणाऱ्या माणसाचं असतं तसं हसू. "मी खिडकीशी थांबले होते हो, वन्सं. म्हटलं, म्हातारा नीट पोचतोय का बघावं. आणि तो बिचारा मी जाईपर्यंत वळेना. मी त्याच्यासाठी थांबलेली, तो माझ्यासाठी उलटा चालतोय. हौदावर आपटला तेव्हा मी ओरडणारच होते."

"पण का, वहिनी? सिगमारकडे मागायचा होता कलश."

"मागितला. काउंटमार्फत. आईने मुलाशी बोलायचं तेही काउंटमार्फतच ना? उत्तर आलं, रिवाज नाही. काउंटनीच आणलं. पाठ केल्यासारखं म्हटलं, वाकले आणि तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, 'महाराणी, गुडघ्यांनी मला दगा दिला तेव्हा थोरल्या महाराजांनी भर दरबारात मला बसा म्हणून सांगितलं. कोणी मला तोवर बस म्हटलं नव्हतं. त्यांच्यासाठी मी काही करू शकलो नाही.' आणि पहाटेच्या घंटेची वेळ ठरवली."

"सुंदर केलंत," सिडोनी म्हणाली. "पण आता त्यासाठी वेन्झेलला किल्ल्यात नेतायत."

"कोणाला?"

"राखणदाराला. गाडी जुंपलेली आहे."

थेक्ला उठल्या. त्या पलंगाकडे गेल्या, उशांच्या मागे हात घातला आणि शालीत गुंडाळलेला कलश बाहेर काढला.

"चला," त्या म्हणाल्या.

"खिडक्यांच्या वाटेने?"

"नाही. खालून."

६

होहेनआल्मची राणी पायी चौक ओलांडते आहे, हे दृश्य पाहायची कोणालाच सवय नव्हती. पहारेकऱ्यांनी सलाम केला खरा, पण नेमका कुठल्या दर्जाचा करायचा ते न कळल्यामुळे प्रत्येकाने वेगळा केला. थेक्लांच्या पायांत घरातले रेशमी जोडे होते. बर्फात ते क्षणात भिजले.

गाडीत वेन्झेल बसलेला होता, गुडघ्यांवर घोंगडी. सिगमार दारात उभे होते, आणि त्यांच्यापुढे काउंट ब्रेडेलो, वेळ न घेता, क्रम न लावता, टोपी हातात घेऊन.

"महाराज, मी आगाऊपणाने—" काउंटचा आवाज फुटला. "माझा नंबर उद्याचा आहे. पण या माणसाला उतरवा. हृदय मी चोरलं."

एखाद्या खांबाने रजा मागावी तसं सिगमारांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि माझ्याकडे आहे ते," थेक्ला म्हणाल्या.

"आई! बर्फात? पायी?"

"मला हे न्यायचंय, सिगमार. चमचे ठेव. पोपटही ठेव, हवं तर. मला तिथे बोलायला कोणी नाही."

छपरावरून बर्फाचं पाणी टपकत होतं.

"मला विचारायचंत," सिगमार हळूच म्हणाले.

"विचारलं होतं. तू नाही म्हणालास."

"मला वाटलं दरबाराकडून काहीतरी..." ते काउंटकडे वळले. "मला तुम्ही विचारलंत, तेव्हा आईने मागितलंय असं म्हणाला होतात का?"

"महाराज, नियमाप्रमाणे मी विचारलं, की हृदयकलश राजवाड्याबाहेर नेण्याचा रिवाज आहे का. व्यक्तीचं नाव घेण्याची पद्धत नाही."

सिगमारांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते एकोणीस वर्षांचेच दिसत होते, पहिल्यांदाच.

"राखणदाराला सोडा," ते कप्तानाला म्हणाले. "चोरी झालेली नाही. कलश आमच्या हुकमाने हलवला आहे."

"कोणत्या दिवशीच्या हुकमाने, महाराज?" काउंटच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"कालच्या."

"काल आपण शिकारीला गेला—"

"काउंट!"

"कालच्या, महाराज."

मग सिगमार बर्फात उतरले, आईजवळ गेले आणि काय करावं न कळून त्यांनी कलशावरची शाल नीट केली. थेक्लांनी त्यांचा गाल थोपटला. दरबारात याला काय म्हणतात ते कोणालाच आठवेना, म्हणून सगळे दुसरीकडे बघू लागले. वैद्य गुंडलाख वरच्या खिडकीतून कलश कोणी उघडत नाही ना, एवढंच बघत होते.

७

वेन्झेलच्या बायकोला, बार्बेलला, निरोप पोचला नव्हता. चॅपेलमागच्या खोलीचं दार उघडून तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या राजकन्येकडे.

"हा कुठे होता?"

"अटकेत," सिडोनी म्हणाली.

"जेवला?"

"नाही."

"बाईसाहेब, रागावू नका, पण माणसाला अटक करायची तर खायला घालून करा. अशी कशी तुमच्याकडची रीत?" तिने वेन्झेलला दंडाला धरून आत ओढलं. "बूट काढ आधी. आणि तुम्ही तिथे का उभ्या? वारा येतोय. आत या, दार लावा."

सिडोनीने दार लावलं. बार्बेलने गरम बिअरचं सार वाडग्यांत ओतलं, त्यात पावाचे तुकडे टाकले. एक वाडगा सिडोनीसमोर आपटला. त्यात अंड्याचं पिवळं होतं. वेन्झेलच्या वाडग्यात नव्हतं.

सिडोनीने काही घोट घेतले. मग वाडगा खाली ठेवला.

"वेन्झेल, मला एक बोलायचंय. फार आधी बोलायला हवं होतं."

"बोला की, छोट्या बाईसाहेब."

"देवी आल्या तेव्हाबद्दल. मी तुझी आभारी आहे."

वेन्झेल घास थांबवून बघत राहिला. मग त्याचे कान लाल झाले. "छे हो. त्यात काय. खरं सांगायचं तर मी काही मुद्दाम राहिलो नव्हतो. गाड्या दर्जाप्रमाणे निघाल्या. आधी मोठी माणसं, मग दासी, मग आचारी, मग कुत्री. शेगडीवाल्याचा नंबर लागेपर्यंत गाड्याच संपल्या. मला कोणी चल म्हणालंच नाही."

"म्हणजे मी जगले ती गाडीत जागा नव्हती म्हणून?"

"तसंच म्हणा."

बार्बेलने पळी दाणकन ठेवली. "खोटं नको बोलूस. सांग त्यांना. दुसऱ्या दिवशी गाडी परत आली होती याला न्यायला. गाडीवान माझा भाऊ होता. किती हाका मारल्या त्याने फाटकातून."

सिडोनीने वेन्झेलकडे पाहिलं.

वेन्झेल वाडग्यात बघत होता. "शेगडी पेटलेली होती," तो म्हणाला. "आणि तुम्हाला नुकती झोप लागली होती. फाटकापर्यंत जाऊन यायचं म्हणजे दार वाजलं असतं."

सिडोनीने हात पुढे करून त्याचा खरखरीत हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"जेवू दे त्याला," बार्बेल म्हणाली, पण हळू आवाजात.